स्ट्रोकनंतर ट्रेडमिलवर चालल्याने खरंच फायदा होतो का?

घरातल्या कुणाला ब्रेन स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला की हॉस्पिटलमधून परतल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा चालता येईल ना?’ मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवतं. त्यात पट्ट्यांनी बांधलेला पेशंट ट्रेडमिलवर पावलं टाकत असतो. आणि घरात चर्चा सुरू होते, आपणही मशीन घ्यायची का?

पैसे खर्च करण्याआधी हे समजून घ्या.

ट्रेडमिल नेमकं काय करते?

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. पायाचे स्नायू शाबूत असतात, पण त्यांना मिळणारा मेंदूचा हुकूम तुटतो. मेंदूचे उरलेले भाग हे काम काही प्रमाणात पुन्हा शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते.

ट्रेडमिल इथेच उपयोगी पडते. फिरता पट्टा पाय मागे नेतो आणि पुढचं पाऊल टाकायला भाग पाडतो. थोड्या वेळात भरपूर पावलं पडतात, वेगही ठरवता येतो. काही केंद्रांत वरून हार्नेस लावून शरीराचं काही वजन पेललं जातं, त्यामुळे पडण्याची भीती कमी होते.

संशोधन काय सांगतं?

कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ३ हजारांहून जास्त स्ट्रोकचे रुग्ण होते. निष्कर्ष दोन होते.

पहिला, जे रुग्ण आधीपासून आधाराशिवाय थोडंफार चालत होते, त्यांचा वेग आणि चालण्याचं अंतर वाढलं. दुसरा, ज्यांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालताच येत नव्हतं, ते ट्रेडमिलमुळे स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढल्याचं दिसलं नाही.

वाढ किती? सर्व रुग्णांची सरासरी पाहिली तर सेकंदाला सुमारे ०.०६ मीटर, आणि सहा मिनिटांत सुमारे १४ मीटर जास्त अंतर. आकडा छोटा वाटतो ना? समजा, बेलपाड्यातले एक काका सेकंदाला ०.४ मीटर चालतात. मेट्रो स्टेशनला जाताना वाटेत २० मीटर रुंद रस्ता असेल, तर तो ओलांडायला त्यांना ५० सेकंद लागतील. वेग ०.०६ ने वाढला तर साधारण ४३ सेकंद. सिग्नल सुटण्याआधी पलीकडे पोहोचायचं असेल तर सात सेकंद महत्त्वाचे असतात. पण हा चमत्कार नाही, हेही तितकंच खरं.

मशीन नसेल तर?

अमेरिकेत ४०८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. काहींना हार्नेससह ट्रेडमिलचा सराव दिला. काहींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करवून घेतले. वर्षभराने दोन्हीकडची सुधारणा जवळपास सारखीच होती. एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पातळीवर गेली.

म्हणजे मशीन परवडत नाही म्हणून बाबांचं चालणं अडलं, असं मनाला लावून घेऊ नका. खरी गरज आहे ती नियमित, योग्य आणि देखरेखीखालच्या सरावाची.

शिवाय ट्रेडमिलवर वळावं लागत नाही, फूटपाथची पायरी चढावी लागत नाही, समोरून दुचाकी येत नाही. त्यामुळे मशीनवर चालणाऱ्यानेही जमिनीवरचा सराव सोडू नये. आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, नंतर खारघरच्या सेंट्रल पार्कसारख्या मोकळ्या जागी, सोबत कुणालातरी घेऊन.

सुरू करण्याआधी हे पाळा

– डॉक्टरांना विचारा. स्ट्रोकच्या अनेक रुग्णांना बीपी किंवा हृदयाचा त्रासही असतो.
– सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोरच करा. वेग आणि वेळ त्यांना ठरवू द्या. घरगुती मशीनचा सर्वांत कमी वेगही काहींना जास्त पडतो.
– चप्पल नको, पायात घट्ट बसणारे बूट घाला. पाऊल खाली लोंबत असेल तर स्प्लिंट लागेल का, ते विचारा.
– मशीन थांबवणारी सुरक्षा दोरी कपड्यांना अडकवा. घरच्यांपैकी एकाने कमजोर बाजूला उभं राहा.
– छातीत दुखलं, चक्कर आली, खूप दम लागला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. छातीतलं दुखणं थांबूनही गेलं नाही, तर १०८ वर फोन करा.
– चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद अचानक गेली, तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

थोडक्यात

पेशंट थोडं चालत असेल आणि देखरेख असेल, तर ट्रेडमिल वेग आणि दम वाढवायला मदत करते. अजून उभंही राहता येत नसेल, तर मशीनचे पैसे आधी चांगल्या फिजिओथेरपीवर खर्च करा. तुमच्या ओळखीत कुणी मशीन घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांना हे आधी वाचायला द्या.