गिअर नॉबची परीक्षा बुडाशी

मोटारीतल्या ज्या वस्तू घरच्या घरी घडवता येतात, त्यांत गिअरचा नॉब बहुधा सर्वांत सोपा. तरीही स्टिअरिंगखालोखाल चालकाचा हात सर्वाधिक जातो तो इथेच. हौशी मंडळी आकार, रंग आणि लाकडाच्या नक्षीवर डोके घालवतात. नॉब जमला की फसला, हे मात्र त्याच्या बुडाच्या भोकावर ठरते.

म्हणून आधी जुना नॉब काढून दांडा नीट पाहावा. बहुतेक नॉब घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटतात. काही दाबून बसवलेले असतात. ते वर ओढताना तोंड बाजूला ठेवावे, कारण सुटतात ते झटक्यानेच. रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी उचलावी लागत असेल, तर नव्या नॉबखाली तेवढी जागा सोडावी लागते. बटण नॉबमध्येच असेल, तर घरगुती प्रयोगाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

खरी मेख आट्यांची. होंडाच्या बहुतेक गाड्यांत दांड्याचा व्यास १० मिलिमीटर आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.५ मिलिमीटर असते. माझदात व्यास तोच, पण पिच १.२५. टोयोटात सहसा १२ मिलिमीटर आणि १.२५. वर्निअरने व्यास कळतो, पिच नजरेला कळत नाही. चुकीचा नट दोन फेरे गुमान फिरतो आणि मग अडतो. तिथे पान्याचा जोर लावला की दांड्याचेच आटे मेले. नटबोल्टच्या दुकानातून दोन-तीन प्रकारचे नट आणावेत. जो बोटांनी शेवटपर्यंत फिरेल, तोच आपला.

आता वजन. ५० मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा पोलादाचा केला तर सुमारे ५१५ ग्रॅम भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा १७५, रेझिनचा ७५ आणि शिसवीचा जेमतेम ५५. जड नॉब एकदा हलला की स्वतःच्या वेगाने पुढे जातो, त्यामुळे गिअर लोण्यासारखा पडल्याचा भास होतो. पण दांडा लांब आणि गिअरची पकड सैल असेल, तर तेच वजन खड्ड्यांत थरथरते. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला पोलादी नॉब हाती धरवत नाही. आपल्या हवेत लाकूडच शहाणपणाचे.

लाकडाला आटे पाडले तर ते वापराने झिजतात. त्यामुळे आतून आटे पाडलेला पितळी बुश लेथवाल्याकडून करून घ्यावा. साधारण ६० मिलिमीटरचा पूर्ण वाळलेला ठोकळा घेऊन त्याला आकार देण्याआधीच भोक पाडावे. गोल झालेल्या लाकडात सरळ भोक पडणे कठीण. बुशाला बाहेरून कानसीचे ओरखडे काढून तो इपॉक्सीने चिकटवावा आणि रात्रभर सुकू द्यावा. घरी लेथ नसली तरी अडत नाही. बुशात बोल्ट घट्ट बसवून तो ड्रिल मशिनच्या चकमध्ये धरला की लेथचे काम भागते. मात्र ठोकळ्याचे कोपरे आधी करवतीने आणि कानसीने काढलेले हवेत, ड्रिल टेबलाला घट्ट आवळलेले हवे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पॉलिश पेपर ८० नंबरपासून ४०० पर्यंत चढत जावा.

चपड्याचे पॉलिश सुंदर दिसते, पण ते स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेला हात पडला की चिकट होते. त्यापेक्षा पॉलियुरेथेनचे पातळ थर किंवा जवसाचे उकळलेले तेल टिकाऊ. तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा करून टाकलेली तेलकट चिंधी आपोआप पेटू शकते, म्हणून ती मोकळी पसरून वाळवावी. रेझिन ओतायचे असेल, तर हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिले असेल तेच ठेवावे. अंदाजपंचे ओतलेले रेझिन कायम चिकट राहते.

बसवताना दांड्यावर आधी चेकनट चढवावा, मग नॉब. गिअरची आकृती चालकाकडे सरळ आली की चेकनट खालून वर आवळावा. ही आकृती कोरायला विसरू नये; गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर रिव्हर्स कुठे आहे हे त्याला कळायला हवे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहावेत आणि नॉब डॅशबोर्डला घासत नाही ना, याची खात्री करावी. जुना नॉब मात्र जपून ठेवावा. गाडी विकताना तो लागतो.