एकोणतीस सामन्यांचा हिवाळा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, कायुगा नावाच्या लांबट सरोवराच्या दक्षिण टोकाशी, इथाका हे गाव आहे. आणि त्या गावावर नजर ठेवून उभ्या असलेल्या टेकडीवर १८६५ साली स्थापन झालेले कॉर्नेल विद्यापीठ आहे. हिवाळ्यात तिथे दिवस लवकर मावळतो, ओढ्यांच्या खोल घळींतून पाणी गोठून लोंबू लागते, आणि अशा संध्याकाळी विद्यार्थ्यांची पावले ज्या इमारतीकडे आपसूक वळतात ती म्हणजे १९५७ साली उघडलेले लायना रिंक. सुमारे चार हजार माणसे मावतील एवढेच हे क्रीडागृह. पण १९६९-७० च्या हंगामात इथल्या महाविद्यालयीन मुलांनी आइस हॉकीत जे करून दाखवले, ते राष्ट्रीय विजेतेपदाच्या पहिल्या श्रेणीत त्यापूर्वी कोणाला साधले नव्हते आणि त्यानंतरही कोणाला साधलेले नाही. सामने एकोणतीस, विजय एकोणतीस. पराभव नाही, बरोबरीही नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हॉकी म्हटले की गवताचे मैदान आणि पांढरा चेंडू आठवतो, म्हणून या खेळाचा सरंजाम थोडा जवळून पाहणे इष्ट ठरेल. मैदान दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद, कोपरे गोलाकार आणि सभोवार कठडा. बर्फ मात्र एकदम होत नाही. खालून थंड केलेल्या फरशीवर पाण्याचा एक पातळ थर शिंपडायचा, तो गोठू द्यायचा, त्यावर दुसरा, असे करीत करीत तो जमवावा लागतो, आणि घाई केली तर तो ठिसूळ निघतो. चेंडूच्या जागी कठीण रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. तिला ‘पक’ म्हणतात, आणि ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे असतात. मैदानात प्रत्येक संघाचे सहा खेळाडू. पण मिनिटाच्या आतच पायांतले बळ संपते, म्हणून बाकावरून ताजी तुकडी कठडा ओलांडून आत उतरते आणि दमलेली बाहेर येते, तीही खेळ चालू असताना. हा खेळ एकट्या वीराचा नव्हे तो याच कारणाने.

ही गोष्ट नेड हार्कनेस या प्रशिक्षकाइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. ऑटावात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५४ साली आरपीआय या संस्थेला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. १९६३ मध्ये ते कॉर्नेलला आले आणि १९६७ साली हेच विजेतेपद त्यांनी इथेही आणले. तालमीत त्यांची शिस्त कडक. त्यांच्या संघात बहुसंख्य मुले कॅनडाची, आणि कॉर्नेल ज्या आयव्ही लीग या विद्यापीठसमूहात आहे त्याच्या शिरस्त्याप्रमाणे खेळाच्या नावाखाली कोणालाही शिष्यवृत्ती नाही.

माझ्या मते या हंगामाचे खरे मर्म त्याच्या आदल्या वर्षी आहे. १९६९ च्या अंतिम सामन्यात कॉर्नेल डेन्व्हरकडून ४-३ असे हरले, आणि त्याबरोबर केन ड्रायडन या गोलरक्षकाची विद्यापीठातील कारकीर्द संपली. तीन वर्षांत शहात्तर विजय आणि केवळ चार पराभव नावावर असलेला, सहा फुटांहून उंच असा हा खेळाडू पुढे माँट्रियलच्या संघात जाऊन जगद्विख्यात झाला. अशा माणसामागे चार फूट उंच, सहा फूट रुंद जाळे रिकामे राहते, तेव्हा संघ खचणेच स्वाभाविक. त्याच वर्षीच्या एप्रिलात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विद्यार्थी-भवनाचा ताबा घेतल्याने सारे विद्यापीठ ढवळून निघाले होते. खेळाने ती फूट सांधली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, पण त्या अस्वस्थ आवारात पुढच्या हिवाळ्याचा बर्फ थरावर थर चढत होता, हेही खरे.

ड्रायडनच्या जागी उभा राहिला ब्रायन क्रॉपर, बेताच्याच उंचीचा. उंच गोलरक्षक जे नुसत्या देहाने झाकतो, ते ठेंगण्याला पायांच्या चपळाईने आणि पक कुठून येणार याच्या अचूक अंदाजाने झाकावे लागते. क्रॉपरने ते हंगामभर झाकले. त्याच्यापुढे डॅन लॉडबोआ. हा मूळचा आघाडीचा खेळाडू. हार्कनेस यांनी त्याला मागे, बचावात आणले. धावून गोल करण्याची ज्याला सवय, त्याला मागे थांबायला सांगणे ही मोठी शिक्षा वाटावी. परंतु लॉडबोआने बचावाची जागा सांभाळूनही चढाईची धार बोथट होऊ दिली नाही. नवा नायक शोधण्यापेक्षा प्रत्येकाच्या जागेचा पुन्हा विचार करण्याचे शहाणपण या संघाकडे होते, आणि मला ते विजयांच्या संख्येहून मोठे वाटते.

पराभवांचे कोरे पान पाहून वाटते की सारे सोपे झाले असेल. तसे नव्हते. विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लार्कसनविरुद्धचा ३-२ असा विजय अगदी शेवटच्या क्षणांत हाती लागला. राष्ट्रीय उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनवर २-१, म्हणजे एका गोलाचेच अंतर. मग मार्च १९७० मध्ये लेक प्लॅसिडला, १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडागृहात, पुन्हा क्लार्कसनच समोर. जो प्रतिस्पर्धी आपल्या खोडी जाणतो त्याच्याशी अखेरचा सामना खेळणे सर्वांत अवघड. त्या रात्री तिसऱ्या सत्रात बचावपटू लॉडबोआने तीन गोल केले, कॉर्नेलने ६-४ असा विजय मिळवला, आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याच्याकडे गेला.

त्यानंतर काही महिन्यांतच हार्कनेस डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक म्हणून निघून गेले. कॉर्नेलने बाहेरून कोणी नामांकित माणूस आणला नाही; त्याच अपराजित संघातून खेळलेल्या, नुकत्याच पदवीधर झालेल्या डिक बर्ट्रँडच्या हाती संघ सोपवला, आणि लायना रिंकवरील विजयांची अखंड मालिका पुढे १९७२ पर्यंत चालू राहिली.