खोगीर आधी उलटं करा

खोगीर घ्यायला आलेला माणूस बहुधा आधी बैठकीवरून हात फिरवतो. कातडं मऊ लागलं, चकाकी दिसली की निम्मा सौदा तिथेच ठरतो. पण ती बाजू स्वाराच्या वाट्याची. घोड्याच्या वाट्याला येते खालची बाजू, आणि तिथे काही चुकलं तर बिचाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून जाणकार माणूस खोगीर हातात आलं की आधी ते उलटं करतो.

उलट्या खोगिरात दोन लांबट गाद्या दिसतात आणि त्यांच्यामधून पुढून मागे गेलेली पन्हळ. पन्हळ म्हणजे घोड्याच्या कण्यासाठी मोकळी सोडलेली वाट. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा, कण्याला त्याचा स्पर्शही होऊ नये, एवढ्यासाठी ही सारी रचना. तीन बोटं पन्हळीत घालून पार मागपर्यंत सरकवावीत. मध्येच अडकली तर ते खोगीर जागच्या जागी ठेवून द्यावं. मग गाद्या चाचपाव्यात. चांगल्या गादीत लोकर भरलेली असते आणि तळहाताखाली ती सगळीकडे सारखी दबते. आज बोटांना लागणारी गाठ उद्या स्वाराच्या वजनासकट घोड्याच्या पाठीत रुतणार आहे. खोगीर मागच्या बाजूने डोळ्यांसमोर धरलं की डावी-उजवी गादी सारखी आहे का, पन्हळ सरळ आहे का, हेही कळतं. वरच्या कातड्यावरचा एखादा ओरखडा मी खुशाल पत्करेन; गाद्यांमधला तिरपेपणा कोणत्याही किमतीला नको.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र उलटं करूनही दिसत नाही. इंग्लिश धाटणीच्या खोगिरात कातड्याच्या आत एक सांगाडा असतो. धंद्यात त्याला ‘ट्री’ म्हणतात. जुन्या पद्धतीचा सांगाडा बीच लाकडाच्या पातळ थरांचा, पुढच्या कमानीला पोलादाचा आधार दिलेला. ‘स्प्रिंग ट्री’ असेल तर त्यात पुढून मागे दोन लवचिक पोलादी पट्ट्याही असतात. घोडा खोगिरासकट लोळला किंवा खोगीर उंचावरून आपटलं तर आतला सांगाडा मोडतो आणि वरचं कातडं मात्र धडधाकट दिसत राहतं. जुना माल घेताना फसगत होते ती इथे. पुढचा भाग पोटाशी टेकवून मागची उंच कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावी. स्प्रिंग ट्री थोडी लवते आणि सोडताच जागेवर येते. बैठकीवर आडवी घडी उमटली, आतून करकर ऐकू आली किंवा एक बाजू जास्त वाकली, तर सांगाडा गेलेला समजावा. पुढच्या कमानीचे दोन्ही पाय दाबून आणि फाकवूनही पाहावेत; ते जरासुद्धा हलता कामा नयेत.

रिकिबीचे पट्टे ज्या लोखंडी दांड्यांवर अडकवतात, त्या घडीव पोलादाच्या हव्यात, ओतीव नकोत. दोन्ही एकाच उंचीवर आहेत ना, हे पट्टीने मोजावं. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला, तर पट्टा मागे सरकून दांडीवरून सुटायला हवा; तो सुटतो का, हे दुकानातच ओढून बघावं. भिडस्तपणा नको, जिवाशी गाठ आहे.

आपल्याकडे खोगिराचं नाव काढलं की कानपूर आठवतं. 1857 नंतर इंग्रज फौजेला घोडदळाचा आणि तोफा ओढणाऱ्या घोड्यांचा साज इथेच बनवून हवा होता. 1860 च्या दशकात कानपुरात हार्नेस आणि सॅडलरीचा सरकारी कारखाना रुजला. म्हशीचं कातडं मुबलक, आणि ते कमवायला बाभळीची साल जवळपासच मिळायची. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं घट्ट आणि टिकाऊ होतं. पुढे फौजेतले घोडे कमी झाले. तो कारखाना आता ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे, पण शहरातले खासगी कारखाने आजही परदेशात खोगिरं पाठवतात आणि ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी नुसत्या गावाच्या नावावर पैसे मोजू नयेत. उत्तम मालही तिथलाच असतो आणि स्वस्तातला कामचलाऊही.

कारागिराचा हात ओळखायचा तर तंगाचे पट्टे जिथे शिवलेत, तिथे बघावं. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून जातात. एखादा टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनची शिलाई एका ठिकाणी तुटली की पुढे उसवत जाते. पट्टा दुमडून बघावा: बारीक भेगा दिसल्या किंवा रंगाचे पापुद्रे सुटले तर हलकं किंवा सुकलेलं कातडं रंगाखाली झाकलंय.

एवढं होऊनही निम्मीच परीक्षा झाली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घोडा आणि साज एकाच ठिकाणी बघता येण्याची ही मोठी सोय, कारण खोगीर पाठीवर ठेवल्याशिवाय त्याची लायकी ठरत नाही. एका घोड्याला चपखल बसणारं खोगीर शेजारच्याला जखम करू शकतं. घोंगडी न घालता ते थोडं पुढे ठेवून मागे सरकवावं, म्हणजे केस सरळ बसतात. खांद्याचं हाड मोकळं राहावं आणि गादी शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. मग तंग आवळून स्वार बसवावा. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो, त्याच्यावर आता दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. रिकामं खोगीर पाहून ही जागा मोजली तर तिला काही अर्थ नाही.

विकणारा तयार असेल तर घोड्याला घाम येईपर्यंत फिरवून आणावं आणि खोगीर काढून पाठ बघावी. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका दिसला तर बहुधा तिथे दाब जास्त पडतोय. दोन्ही बाजूंचा घाम सारखा उमटला असेल तरच पैशाचं बोलावं, आणि लोकर पुन्हा भरून देणारा कारागीर जवळपास कुठे आहे हेही त्याच वेळी विचारून घ्यावं, कारण नव्या गादीतली लोकर काही महिन्यांतच बसते.