जुन्या जीपचे रूप बदलले, कागदपत्रांचे काय?

गाड्यांची दुरुस्ती, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग, कुशनकाम आणि जुन्या सुट्या भागांची खरेदी-विक्री हे धंदे आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. अलीकडे या धंद्यात एका कामाला चांगली मागणी आहे. वीस-तीस वर्षांची जुनी जीप घ्यायची, तिचे सारे अंग उघडून नव्याने बांधायचे, मोठे टायर चढवायचे, पुढे लोखंडी गार्ड लावायचा, छत बदलायचे आणि हौशी गिऱ्हाइकाला किंवा बागायतदाराला द्यायची. कारागिराला मजुरी मिळते, दलालाला दलाली मिळते, गिऱ्हाईक खूश होते. पण या आनंदात एक गोष्ट मागे पडते. गाडी बदलली, कागद मात्र जुनेच राहिले. अपघात झाला किंवा तपासणी झाली की ही तफावत मालकाला आणि कधीकधी कारागिरालाही फार महागात पडते. म्हणून या आठवड्यात आम्ही या विषयाची सविस्तर माहिती देत आहोत.

जीपशी आपला संबंध तसा जुनाच आहे. १९४५ साली महिंद्र बंधूंबरोबर मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार होते आणि कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असे होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. याच कंपनीच्या जुन्या जीपगाड्या, विशेषतः एमएम ५४० आणि मेजर, आज नव्या रूपात रस्त्यावर दिसतात. त्यांच्या जोडीला लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगा गाड्याही असतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ हे या विषयाचे मूळ आहे. आरसी पुस्तकात गाडीची जी माहिती लिहिलेली असते, ती कंपनीने गाडी बनवताना ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. राज्याचे नियम काहीही असोत, ते कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत आणि कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलाची नोंद आरटीओला करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावेत. गार्ड, टायर आणि छत असे तीन बदल असतील तर हिशेब तिप्पट होतो.

कोणता बदल चालतो, कोणता नाही?

ढोबळ मानाने कामाचे तीन भाग पाडता येतील.

पहिला भाग दुरुस्तीचा. सडलेला पत्रा काढून तसाच नवा पत्रा बसवणे, इंजिनचे बोअर करणे, कुशन नवे करणे, वायरिंग बदलणे ही कामे खुशाल करावीत. गाडीचे मूळ स्वरूप यात बदलत नाही.

दुसरा भाग परवानगीने होणाऱ्या कामांचा. रंग बदलला तर आरसीमध्ये नोंद करून घ्यावी. इंजिन निकामी झाले आणि त्याच मॉडेलचे, त्याच क्षमतेचे दुसरे बसवायचे असेल तर आधी आरटीओकडे अर्ज करावा. त्या इंजिनाची पावती आणि ते ज्या गाडीचे होते तिचे कागद जपून ठेवावेत. भंगारातून बिनपावतीचे इंजिन घेतले आणि त्याचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. सीएनजी किंवा एलपीजी किटला कायद्यात जागा आहे, पण किट मान्यताप्राप्त हवे, अधिकृत केंद्रात बसवलेले हवे आणि आरसीमध्ये इंधनाची नोंद बदललेली हवी.

तिसरा भाग न चालणाऱ्या कामांचा. दुसऱ्या कंपनीचे जास्त ताकदीचे इंजिन बसवणे, चॅसिस कापून लांब किंवा आखूड करणे, कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा फार मोठे टायर लावणे, मागे जादा बाके टाकून माणसे वाढवणे ही कामे यात येतात. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना स्वतंत्र पत्र पाठवून ते कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आहे. अशा गार्डमुळे पायी चालणाऱ्याला आणि गाडीतल्या माणसांनाही धोका वाढतो.

काही दलाल सांगतात की जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून टाकू. हे खरे नाही. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती बाद होते. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

पंधरा वर्षांनंतरची नोंदणी

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज असतो आणि तो मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत करता येतो. आरटीओचे निरीक्षक गाडी पाहतात, चॅसिस नंबर व इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहतात. येथेच बदललेली गाडी अडकते.

फी बरीच वाढली आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारगाडीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील हलक्या मोटार वाहनाला ही फी १०,००० रुपये केली. उशीर केला तर दर महिन्याला जादा रक्कम चढत जाते. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावण्याचा आदेश आहे. म्हणून जुनी जीप घेताना केवळ विक्रीची किंमत पाहू नये, हा सारा खर्च आधी मांडावा.

विम्याचे दोन भाग

विम्याच्या शरई बाजूविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याबद्दल ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. येथे आम्ही फक्त कायद्याचे सांगतो. कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान होईल त्या परक्या माणसाच्या भरपाईचा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १५०० सीसीवरील खाजगी मोटारीला या विम्याचा वार्षिक हप्ता ७,८९७ रुपये आहे. कर वेगळा. जुन्या डिझेल जीप बहुधा याच गटात बसतात.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विम्याची किंमत ठरलेल्या घसाऱ्याने काढतात. त्यापुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. जीप बांधायला तीन लाख खर्च केले म्हणून विमा तीन लाखांचा होत नाही. जे कागदावर ठरले तेच खरे. म्हणून दर वर्षी पॉलिसी घेताना ही रक्कम आधी वाचावी, मग सही करावी. जादा दिवे, टेप, विंच असे सामान लावले असेल तर ते किमतीसह वेगळे लिहून द्यावे आणि त्याचा जादा हप्ता भरावा. लिहिले नाही तर त्याची भरपाई नाही.

भरपाईचा हिशेबही समजून घ्यावा. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या नव्या भागांवर ५० टक्के कपात होते. रबर, प्लॅस्टिक व बॅटरीवरही ५० टक्के कपात होते. समजा दुरुस्तीचे बिल ३४,००० रुपये झाले. त्यात धातूचे भाग २०,०००, रबर-प्लॅस्टिक ६,००० आणि मजुरी ८,००० रुपये. धातूचे १०,०००, रबर-प्लॅस्टिकचे ३,००० आणि मजुरीचे पूर्ण ८,००० मिळून २१,००० रुपये होतात. त्यातून १५०० सीसीवरील गाडीला मालकाने सोसायचे सक्तीचे २,००० रुपये वजा करावेत. हाती १९,००० रुपये येतात. हे आधी माहीत असले म्हणजे गॅरेजवाला आणि गिऱ्हाईक यांच्यात नंतर वाद होत नाही.

लपवलेला बदल विम्यात कसा नडतो?

विम्याचा करार खऱ्या माहितीवर उभा असतो. इंजिन बदललेले आहे, माणसे बसवण्याची जागा वाढवली आहे, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालते आहे, या गोष्टी सांगितल्या नाहीत तर कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. तिसऱ्या पक्षाच्या बाबतीतही महत्त्वाची माहिती लपवून घेतलेली पॉलिसी हा कंपनीला कलम १५० खाली मिळणारा बचाव आहे. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावते आणि ते पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. रस्त्यावर कमावता माणूस दगावला तर ही रक्कम लाखांत जाते. तेव्हा दुकान आणि घर दोन्ही धोक्यात येतात.

नोंदणी संपलेली असेल तरीही हीच गत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात विमा चालू असूनही भरपाई नाकारणे योग्य ठरवले, कारण तात्पुरती नोंदणी संपल्यावर गाडी रस्त्यावर आणली होती. विम्याचा हप्ता भरला म्हणून निश्चिंत राहू नये, नोंदणीची तारीखही पाहावी.

घेताना आणि विकताना

हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुळवलेल्या जीपसाठी प्रसिद्ध आहे. तेथून किंवा कोठूनही परराज्यातील गाडी घेताना नमुना २८ मधील ना-हरकत दाखला पाहावा. चॅसिसवरचा नंबर स्वतः पेन्सिलने कागदावर उतरवून आरसीशी ताडावा. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून त्यावर मोडीत गेलेल्या तिसऱ्याच गाडीचे कागद दिलेले असतात, अशा मालापासून दूर राहावे. लष्करी गाडी असेल तर संबंधित अधिकाऱ्याने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

विकणाऱ्याने नमुना २९ व ३० भरून नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग गाडी मधल्या काळात चार हातांतून का गेली असेना. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

अनेक घरांत जीप मरहूम वडिलांच्या नावावर तशीच चालू असते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलावे. त्यासाठी सर्व वारसांची संमती घ्यावी. बहिणींचा हक्क कागदावर आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे राखावा.

कारागीर बांधवांसाठी

या कायद्यात ‘डीलर’ या शब्दात गाडीची बॉडी बांधणारा आणि गाडी दुरुस्त करणाराही येतो, हे आपल्या मिस्त्रींना बहुधा ठाऊक नसते. गाडीच्या बांधणीच्या नियमांविरुद्ध बदल करून देणाऱ्या डीलरला कलम १८२-अ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ‘मालकाने सांगितले म्हणून केले’ एवढ्याने सुटका होत नाही.

त्याच कलमात एक आधारही आहे. हा बदल नियमाविरुद्ध कसा आहे हे समोरच्या माणसाला त्याच वेळी सांगितले होते, असे कारागिराने सिद्ध केले तर त्याला या कलमाखाली दोषी धरता येत नाही. मालातला ऐब उघड करून सौदा करावा ही शिकवण आपल्याला लहानपणापासून दिलेली आहे. येथे कायदाही तेच मागतो. फरक एवढाच की तोंडी सांगणे कोर्टात टिकत नाही.

म्हणून गॅरेजमध्ये एक साधी वही ठेवावी. गाडी आली की नंबर, चॅसिस नंबर, आरसीची मुदत, काय काम सांगितले, कोणत्या कामाला आरटीओची परवानगी लागते आणि कोणते काम नियमात बसत नाही हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. एक प्रत त्याला द्यावी. बदललेल्या भागांच्या पावत्या त्याच पानाला टाचाव्यात. नियमात न बसणारे काम सरळ नाकारावे हे सर्वात उत्तम. त्याने एखादे गिऱ्हाईक जाईल, पण जी जीप कागदाप्रमाणे आहे ती नूतनीकरणात पास होते, तिचा विमा उपयोगी पडतो आणि पुढे विकताना तिला भावही चांगला येतो. अशी गाडी बांधून देणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.