पर्किन्स कर्षक

शरीराच्या दुखऱ्या भागावरून फिरवून व्याधी घालविण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेली धातूच्या दोन कांड्यांची जोडी. सिद्ध न झालेल्या उपकरणोपचारांच्या प्रायोगिक परीक्षणाचे एक आरंभीचे उदाहरण म्हणून वैद्यकाच्या इतिहासात तिला महत्त्व आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याचे वैद्य एलिशा पर्किन्स (१७४१–९९) यांनी १७९६ मध्ये या कांड्यांचे एकस्व (पेटंट) मिळविले. सु. ७·५ सेंमी. लांबीच्या व टोकाशी निमुळत्या असलेल्या या कांड्यांपैकी एक पिवळसर, तर दुसरी रुपेरी असे. त्या विशिष्ट मिश्रधातूंच्या असून वेदनेस कारणीभूत होणारा अपायकारक विद्युत् द्रव शरीरातून ओढून घेतात, असा पर्किन्स यांचा दावा होता. प्रत्यक्षात त्या पितळ व पोलाद यांच्या होत्या. बेडकाच्या स्नायूंवरील गॅल्व्हानी यांचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेले असल्याने हा दावा अनेकांना शास्त्रीय वाटला. कनेक्टिकटच्या वैद्यकीय संस्थेने १७९७ मध्ये पर्किन्स यांना सदस्यत्वातून काढून टाकले. तरीही त्यांचे पुत्र बेंजामिन यांनी लंडनमध्ये ही जोडी ५ गिनींना विकली. गुण आल्याचे अनेक रुग्णांचे दाखले तिच्या पुष्ट्यर्थ प्रसिद्ध करण्यात आले.

हे दाखले खोटे होते असे नाही. प्रश्न होता तो कारणाचा. इंग्लंडमधील बाथ येथील वैद्य जॉन हेगार्थ यांनी १७९९ मध्ये जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर प्रथम धातूसारख्या दिसणाऱ्या लाकडी कांड्या वापरल्या. त्यांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या असताही परिणाम तसाच आढळला. गुण धातूचा नसून रुग्णाच्या अपेक्षेचा आहे, हे यावरून दिसून आले. हेगार्थ यांचे निष्कर्ष १८०० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा परिणामास आज ‘प्लासीबो परिणाम’ म्हणतात.

जुनाट वेदना आपोआप कमीजास्त होतात आणि त्या तीव्र असतानाच रुग्ण नवा उपाय शोधतो. त्यामुळे नैसर्गिक उताराचे श्रेयही उपकरणास मिळते. म्हणूनच नकली साधनाशी तुलना आवश्यक ठरते. ब्रिटनमध्ये संधिवाताभ सांधेदुखीच्या ७० रुग्णांवर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चुंबकीय मनगटपट्टे, चुंबकत्व काढून घेतलेले पट्टे व तांब्याची कडी यांच्या परिणामांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

अशा साधनांनी वेदना काही काळ सुसह्य झाली, तरी मूळ विकार तसाच राहू शकतो. संधिवाताभ विकारात उपचारास विलंब झाल्यास सांध्यांची कायमची हानी होण्याचा संभव असतो. साधन स्वतः निरुपद्रवी असले, तरी त्यावर विसंबून राहणे निरुपद्रवी असतेच असे नाही.