कुलूप आधी, खेळ नंतर

पेणच्या गणपतीवरून रोह्यात कुणी साचा काढला, त्यातल्या मूर्तीवरून पुन्हा साचा काढला, तर दर वेळी डोळ्यांची, दागिन्यांची रेघ थोडी बोथट होत जाते. डिजिटल नकलेला ही अडचण नाही. हजारावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ निघते. चित्रपट कंपन्यांना धास्ती होती ती याचीच.

म्हणून ब्लू-रे डिस्कवरचा चित्रपट सांकेतिक कुलपात ठेवतात आणि किल्ल्या प्लेअरमध्ये. एखाद्या प्लेअरची किल्ली चोरीला गेली, तर ती नव्या डिस्कवर बाद करता येते. कल्पना हुशारीची, पण ‘एएसीएस’ नावाच्या या कुलपाचे नियम वेळेत पक्के होईनात. सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल २००६च्या वसंतात येणार होता. डिस्कच्या कुलपाचे कारण सांगून कंपनीने तो नोव्हेंबरवर ढकलला. पुढे निळ्या-जांभळ्या लेसरचे डायोड कमी पडले आणि युरोपला मार्च २००७ उजाडला. याच ४०५ नॅनोमीटरच्या बारीक किरणामुळे एका थरात २५ गिगाबाइट मावतात, डीव्हीडीत ४.७.

औषधाच्या बाटलीचे मुलांना न उघडणारे झाकण संधिवाताच्या आजीलाही उघडत नाही. तिथे निदान मूल वाचते. इथे मात्र डिसेंबर २००६मध्येच एका हौशी प्रोग्रामरने हेच कुलूप एचडी डीव्हीडीवर उघडून दाखवले. पाठोपाठ जानेवारीत ब्लू-रेवरही. भारतातल्या दुकानांत प्लेस्टेशन ३ आला तो त्यानंतर, एप्रिल २००७मध्ये.