रविवारची सुट्टी मागणारा कन्हेरसरचा माणूस : कोण होते नारायण मेघाजी लोखंडे?

गिरणी कामगारांच्या पाच मागण्या, त्यातल्या किती मिळाल्या आणि आजही कुणाला मिळत नाहीत, याची माहिती

पुणे : जून महिना लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'रविवारची सुट्टी आपल्याला कुणी मिळवून दिली, माहीत आहे का?' खाली नाव असतं नारायण मेघाजी लोखंडे. लोक मेसेज वाचतात, पुढे पाठवतात आणि विसरून जातात. हा माणूस मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचा, हे खुद्द खेड-जुन्नरच्या बऱ्याच पोरांना ठाऊक नसतं. आणि मेसेजमध्ये जे लिहिलेलं असतं ते सगळंच बरोबर असतं असंही नाही.

लोखंडे यांना भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणतात. ते का म्हणतात, त्यांनी नेमकं काय केलं आणि त्याचा आजच्या कंपनीत जाणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाशी काय संबंध, ते समजून घेऊ.

धागा पुण्यातून सुरू होतो

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. घर माळी समाजाचं आणि गरिबीचं. कन्हेरसर हे मूळ गाव, पण शिक्षण झालं ठाण्याला. त्या काळात मॅट्रिकपर्यंत शिकले म्हणजे मोठीच गोष्ट. पुढे रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीला एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीतला माणूस कसा राबतो, ते त्यांनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिलं.

इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला होता. लोखंडे त्या समाजाचे कार्यकर्ते झाले. समाजाचे दुसरे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यातून 'दीनबंधू' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारं हे वर्तमानपत्र पैशाअभावी अडचणीत आलं. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला नेलं आणि संपादक म्हणून शेवटपर्यंत चालवलं. चांगली चाललेली नोकरी सोडून ते या कामात पडले.

फुले आणि लोखंडे यांचं सगळ्याच बाबतीत जमलं असंही नाही. 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त छापून आली आणि पुढची छापायची थांबली. मजकुरात सरकारवर कडक टीका होती. फुले यावर चांगलेच नाराज झाले. तरीही गिरणी कामगारांच्या प्रश्नावर दोघं एकत्र राहिले.

गिरणीतला दिवस कसा होता?

मुंबईच्या गिरण्यांत पुणे, सातारा, रत्नागिरी जिल्ह्यांतली माणसं पोटासाठी गेली होती. दुष्काळ पडला, सावकाराने जमीन घेतली, की मुंबईची वाट धरायची. त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे उजाडलं की काम सुरू आणि अंधारलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर काम पण मोठं, तेरा-चौदा तासांपर्यंत. बाया आणि लहान पोरं पण यातच.

आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद असायची. एखाद्या रविवारी यंत्रं थांबली तरी ती पुसायला, साफ करायला कामगाराला यावंच लागे. पगार कधी होईल याचा नेम नसे. महिना संपून दुसरा सरत आला तरी पैसे हातात नाहीत, मग वाण्याची उधारी आणि व्याज. यंत्रात हात गेला तर माणूस घरी आणि पगार बंद.

सरकारने १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा केला होता. पण त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढंच मुख्यतः होतं. मोठ्या माणसासाठी त्यात काहीच नव्हतं.

१८८४ : पाच मागण्या

मुंबई सरकारने १८८४ मध्ये गिरण्यांची पाहणी करायला एक आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी पकडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा :

१) सगळ्या कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.
२) दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
३) काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळला की थांबावं.
४) पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
५) कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याची सोय व्हावी.

आज वाचताना तिसरी मागणी विचित्र वाटेल. सकाळी साडेसहा ते सूर्य मावळेपर्यंत म्हणजे बारा-तेरा तास झाले की! पण एवढंसुद्धा मागावं लागत होतं, यावरून आधी काय हाल असतील ते समजतं.

याच सुमारास 'मुंबई गिरणी कामगार संघ' उभा राहिला आणि लोखंडे त्याचे अध्यक्ष झाले. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेत शिकागोला जे आंदोलन झालं, ज्यावरून १ मे हा कामगार दिन आला, ते १८८६ चं. आपल्या माणसाची परळची सभा त्याच्या दोन वर्षं आधीची.

१८९० : दहा हजारांची सभा

अर्ज दिला म्हणून लगेच काही झालं नाही. मालकांचं म्हणणं होतं की कामगारांची काही तक्रारच नाही. सहा वर्षं हे असंच चाललं. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार बायांनी उभं राहून भाषण केलं. ज्या काळात बाईने चारचौघांत बोलणं म्हणजे नवल, त्या काळात हे घडलं. सभेने एकच गोष्ट मागितली : आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

मालकांच्या संघटनेला हे मान्य करावं लागलं. १० जून 1८९० रोजी त्यांनी रविवारी गिरण्या बंद ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने आणखी एक आयोग नेमला, त्यात मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंडे सहायक सदस्य होते. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये फॅक्टरी कायदा बदलला. आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती कायद्यात आली, बायांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली.

मेसेजमध्ये काय चुकतं?

'१० जून १८९० पासून देशभर रविवारची सुट्टी सुरू झाली' असं मेसेजमध्ये असतं. ते तसं नाही. सरकारी कचेऱ्यांना इंग्रजी रिवाजाप्रमाणे आधीपासूनच रविवार बंद असे. साहेबाला सुट्टी होती, ती कामगाराला नव्हती. १० जूनचा निर्णय मुंबईच्या गिरणी मालकांचा होता आणि कारखान्यांना कायद्याने सुट्टी मिळाली ती १८९१ पासून. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंडे यांनी तोच मागितला, असंही सांगितलं जातं.

दुसरी गोष्ट. लोखंडे यांचा संघ आजच्या युनियनसारखा नव्हता. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, लिहिलेले नियम नाहीत. त्यामुळे काही अभ्यासक त्याला पहिली कामगार संघटना मानत नाहीत, ते मान १९१८ च्या मद्रास लेबर युनियनला देतात. यात तथ्य आहे. पण वर्गणी नसताना, ऑफिस नसताना दहा हजार माणसं मैदानात आणणं आणि कायदा बदलायला लावणं, हे काम झालं हेही तितकंच खरं आहे.

केशवपन, दंगल आणि प्लेग

लोखंडे फक्त गिरणीपुरते थांबले नाहीत. नवरा मेला की बाईचं डोकं भादरायची रीत तेव्हा काही समाजांत होती. १८९० मध्ये त्यांनी मुंबईत न्हावी समाजाची सभा भरवली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत, असं न्हाव्यांनीच ठरवलं. वस्तरा धरणाराच नाही म्हणाला तर रीत चालणार कशी, असा साधा हिशेब. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, तेव्हा शांततेसाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६ मध्ये मांडवी भागातूनच मुंबईत प्लेग पसरला. माणसं शहर सोडून गावाकडे पळाली. लोखंडे थांबले. रुग्णांसाठी दवाखाना उभा करायला त्यांनी पुढाकार घेतला, आजाऱ्यांत वावरले आणि त्यांनाच प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आत. साधारण महिन्याने, १० मार्चला इकडे पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

त्यानंतर बराच काळ त्यांचं नाव मागे पडलं. पुढे मोठमोठ्या युनियन झाल्या, मोठे संप झाले, त्यांचे पुढारी लोकांच्या लक्षात राहिले. मनोहर कदम यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं, २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, मुंबईत परळच्या सरकारी श्रम विज्ञान संस्थेला त्यांचं नाव आहे. शाळेच्या पुस्तकातून शिकलेल्या माणसाला मात्र ते अजून एखाद्या ओळीपुरतेच माहीत आहेत.

त्या पाच मागण्यांचं आज काय?

आठवड्याची सुट्टी : १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात होती. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या नव्या श्रम संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नाही.

विश्रांती : सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी, असं १९४८ च्या कायद्याने ठरवलं.

पगार : लोखंडे यांनी १५ तारीख मागितली होती. १९३६ च्या कायद्याने ती ७ तारखेवर आणली, मोठ्या कारखान्यांना १० तारीख. २०१९ च्या वेतन संहितेत महिन्याच्या पगाराला ७ तारीखच आहे.

जखमी कामगार : १९२३ च्या कायद्याने भरपाई मिळू लागली. म्हणजे मागणीनंतर ३९ वर्षांनी.

गेटच्या बाहेर कोण राहिलं?

कागदावर पाचही मागण्या मिळाल्या. पण कायदा गेटच्या आतल्या, मस्टरवर नाव असलेल्या माणसाला आधी पोचतो. ज्याचा मालकच ठरलेला नाही त्याचं काय? पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली ती याच प्रश्नावर. सत्यशोधक विचारांचाच हा पुढचा टप्पा. माथाडी कामगारांसाठी राज्यात १९६९ चा कायदा आला, त्यातून मंडळं झाली आणि ओझी वाहणाऱ्याला पण फंड, बोनस मिळू लागला.

ऊसतोडीला जाणारं जोडपं अजून बाहेरच आहे. हंगामात त्यांना रविवार नसतो. एक दिवस आजारपणात गेला तर 'खाडा' म्हणून मुकादम पैसे कापतो. शेतात रोजाने जाणाऱ्या बाईचंही तेच, घरी बसली की रोज बुडाला. औद्योगिक पट्ट्यात ठेकेदारामार्फत लागलेली पोरं बारा-बारा तास करतात, आणि बऱ्याच जणांना आपल्याला सुट्टीचा हक्क आहे हेच माहीत नसतं.

अशा पोरांनी तीन गोष्टी तरी कराव्यात. नेमणुकीचं पत्र आणि पगाराची पावती मागून घ्यावी. कामाचे दिवस आणि तास स्वतः वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवावेत. सुट्टी किंवा पगार बुडाला तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांच्या सह्या घेऊन गेलेलं बरं. १८८४ मध्ये साडेपाच हजार सह्यांचा अर्ज गेला, तो याच कारणाने.